शाळेचे जुने बाक: वय आणि किंमत कशी ठरवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमचे घर सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठच्या एका गावात आहे. गावातील मराठी शाळेची कौलारू इमारत १९८९ साली उतरवली, तेव्हा निकामी ठरलेल्या सामानाचा जाहीर लिलाव झाला आणि त्याच शाळेत शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांनी त्यातील काही वस्तू विकत घेतल्या. तीन जोडबाक, हातांची एक वेताची खुर्ची आणि मांडी घालून लिहिण्याचे उतरत्या झाकणाचे एक डेस्क असे हे सामान तेव्हापासून माडीवर पडून आहे. वडील आता नाहीत, आणि घराची दुरुस्ती काढल्यामुळे दिवाळीपूर्वी माडी रिकामी करावी लागणार आहे.

बाक दोन मुलांचे आहेत. बसायची आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात जोडलेली असून लांबी साडेतीन फूट आहे. लिहायची फळी १५ इंच रुंद असून तिच्या वरच्या कडेला टाक ठेवण्याची पन्हळ आणि मधोमध दौतीसाठी गोल भोक आहे. बसायची फळी १० इंच रुंद आहे. दोन बाकांचे लाकूड काळपट तपकिरी दिसते, तर तिसऱ्याला कोणीतरी हिरवा तैलरंग फासलेला आहे. दप्तराच्या कप्प्याच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रंगाने ‘उ. सा. जि. स्कू. बो.’ अशी अक्षरे आणि त्याखाली ‘३/४७’ असे आकडे आहेत.

जुन्या सामानाचा एक व्यापारी येऊन पाहून गेला. ४७ हे साल आहे असे त्याने प्रथम सांगितले, चहा घेताना हेच बाक दीडशे वर्षांचे, ब्रिटिशकालीन झाले, आणि निघताना त्याने सगळ्या सामानाचे मिळून बारा हजार रुपये देऊ केले. दीडशे वर्षांच्या वस्तूंना हा भाव कसा, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

लाकूड कोणते आहे, या वस्तूंचे खरे वय किती असावे आणि त्यांची योग्य किंमत कशी काढावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. विकण्यापूर्वी बाक घासून नव्याने पॉलिश करून घ्यावेत, असे आमचे सुतार म्हणतात. ते करावे का? न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला एक बाक तिकडे न्यायचा आहे, त्यात काही अडचण येऊ शकते का, हेही कळल्यास बरे होईल.

वखारवाले

आमच्या घरी तीन पिढ्या लाकडाची वखार आहे, म्हणून लाकडापुरते सांगतो. सर्वांत आधी सुताराला थांबवा. पॉलिशपेपर एकदा फिरला की रापलेला रंग, शाईचे डाग आणि खालचे आकडे हे सगळे एका दुपारी जाते, आणि मग मागे उरते ते नुसते लाकूड.

वर पॉलिश किंवा रंग असताना लाकूड ओळखण्याचा प्रयत्न करू नका. बाक उलटा करा आणि जिथे पॉलिश लागलेलेच नाही अशा जागी, शक्यतो दप्तराच्या कप्प्याच्या आतल्या कोपऱ्यात, धारदार पटाशीने नखाएवढी साल काढा. सागवान असेल तर आत सोनेरी तपकिरी रंग दिसेल, बोटाला किंचित तेलकट लागेल आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास येईल, जो लाकूड कितीही जुने झाले तरी ताज्या कापाला येतोच. फळीच्या टोकाला, म्हणजे आडव्या कापावर, वाढीची वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळाच्या आरंभी छिद्रांची ओळ डोळ्यांना दिसते. शिसवी असेल तर जांभळट काळा रंग आणि गडद रेघा लपत नाहीत. कोकणातल्या शाळांतून फणसाच्या लाकडाचे सामानही मिळते, पण ते मुळात पिवळे असते आणि उजेडाने तपकिरी होत जाते, त्यामुळे आतला पिवळा रंग त्याला उघडे पाडतो.

दुसरी परीक्षा वजनाची. तुम्ही दिलेल्या मापांवरून लिहायची फळी, बसायची फळी, कप्पा, पाठ, पाय आणि आडव्या दांड्या यांची बेरीज केली, तर फळ्या इंचभर जाडीच्या आणि पाय दोन इंची चौकोनी धरून एका बाकात सुमारे १.३ घनफूट लाकूड भरते. सुकलेले सागवान घनफुटाला साधारण साडेअठरा किलो भरते, म्हणजे बाक चोवीस-पंचवीस किलोंच्या आसपास असायला हवा. तो बत्तीस-तेहतीस किलो भरला, तर साल, ऐन किंवा शिसवी यांपैकी काहीतरी आहे असे समजा. आंब्याचे लाकूड मात्र वजनाने सागाच्या जवळ जाते, म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये.

वयासाठी खिळे आणि स्क्रू पाहा. माथ्यावर अधिकचे चिन्ह असलेला स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला आणि आपल्या गावोगावच्या सुतारांच्या पेटीत पोचायला त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली, त्यामुळे असा स्क्रू मूळ सांध्यात असेल तर बाक बराच अलीकडचा आहे. एखाद्याच ठिकाणी असेल तर ती दुरुस्ती आहे. लोखंडी खिळ्याभोवतीचे सागवान दमटपणाने काळे पडते. खिळा गंजलेला आणि भोवतीचे लाकूड स्वच्छ असे दिसले, तर तो खिळा दुसरीकडून आणून ठोकलेला आहे असे खुशाल समजा. करवतीच्या खुणांना मात्र इंग्रजी पुस्तकांत जेवढे महत्त्व दिलेले असते तेवढे देऊ नका. यंत्राच्या गोल करवतीच्या कमानदार रेघा नाहीत म्हणून वस्तू फार जुनी, हा निष्कर्ष तिकडे चालतो; आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे दोन माणसे ओंडक्यावर आरी ओढून फळ्या पाडीत होती.

पॉलिशसाठी एक सोपी चाचणी आहे. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून आडजागी टेकवा. चपडी लाखेचे जुने पॉलिश लगेच चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागतो. आजकालचे मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असेल तर काहीच होत नाही.

शेवटी एक इशारा, जो तुम्हाला विकताना नसला तरी विकत घेणाऱ्यांना उपयोगी पडेल. जुन्या वाड्यांच्या तुळया आणि दारे कापून त्यांचे ‘जुने’ फर्निचर बनवण्याचा मोठा धंदा जोधपूरसारख्या ठिकाणी चालतो. तिथले लाकूड खरोखर शंभर वर्षांचे असते आणि टेबल गेल्या महिन्यातले.

निवृत्त मुख्याध्यापिका

लाकडाविषयी वर उत्तम माहिती आली आहे. मला बोलायचे आहे ते त्या पांढऱ्या अक्षरांविषयी, कारण या प्रकरणातला खरा पुरावा तोच आहे.

‘उ. सा. जि. स्कू. बो.’ याचा अर्थ ‘उत्तर सातारा जिल्हा स्कूल बोर्ड’ असा घ्यावा लागेल. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. म्हणजे ही अक्षरे १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतच रंगवली गेली असली पाहिजेत; त्याआधी हे नाव नव्हते आणि त्यानंतर ते लिहिण्याचे कारण उरले नव्हते. यावरून ४७ हे साल नाही हेही सिद्ध होते, कारण १९४७ साली उत्तर सातारा जिल्हा अस्तित्वातच नव्हता. ‘३/४७’ हा जडसंग्रह नोंदवहीतला, म्हणजे ज्याला शाळेत सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात त्यातला क्रमांक असावा. आमच्याकडे आधी नोंदवहीचे पान आणि मग अनुक्रमांक अशी पद्धत होती, म्हणून तिसऱ्या पानावरची सत्तेचाळिसावी नोंद असे मी वाचीन. इतर दोन बाकांवर याच्या जवळचे क्रमांक आहेत का, ते पाहावे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. रंगवलेला क्रमांक हे बाकाचे जन्मसाल नव्हे. शाळेची व्यवस्था एका संस्थेकडून दुसरीकडे गेली की सगळ्या सामानाची मोजदाद होऊन नवे क्रमांक पडत, आणि शिपाई डबा-कुंचला घेऊन दोन दिवस तेच काम करीत असे. त्यामुळे नव्या रंगाखाली जुनी खूण असण्याचा बराच संभव असतो. जुन्या डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, खुणा पुष्कळदा रोमन अक्षरांत, तापलेल्या लोखंडाने डागलेल्या असत. इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांच्या सामानावर ए. व्ही. एस., म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर स्कूल, असेही सापडते. याउलट ‘जि. प.’ अशी अक्षरे असतील, तर ती १ मे १९६२ नंतरची आहेत, कारण जिल्हा परिषदा त्या दिवशी अस्तित्वात आल्या.

दीडशे वर्षांच्या दाव्याविषयी एवढेच म्हणते की, खेड्यातल्या मराठी शाळेत तेव्हा मुले बाकांवर बसतच नव्हती. ती जमिनीवर, फार तर तरटावर किंवा घरून आणलेल्या बसकरावर बसत; माझी आईसुद्धा चौथीपर्यंत तशीच शिकली. बाक प्रथम शहरांतल्या इंग्रजी शाळांत आले आणि खेड्यांत पोचले तेही वरच्या वर्गांपुरते. दौतीच्या भोकावरून वय काढू नये, कारण बॉलपेन सर्रास झाल्यावरही सुतार जुन्या नमुन्याप्रमाणे ते भोक पाडत राहिले. भोकाच्या काठाला शाई किती खोल मुरली आहे, हे मात्र पाहण्यासारखे असते.

दोन कामे तातडीने करा. शाळेच्या नव्या इमारतीत जाऊन जुनी जडसंग्रह नोंदवही आहे का, हे विचारा आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्या पानाचे छायाचित्र घ्या. खरेदीची तारीख, नग, दर आणि पुरवठादार एवढे सगळे एका ओळीत मिळते. दुसरे म्हणजे वडिलांच्या कागदपत्रांत लिलावाची पावती शोधा. शाळेचे सामान निर्लेखनाशिवाय, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी केल्याशिवाय, बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे रीतसर विक्रीचा पुरावा असलेल्या बाकाकडे चोरीचा माल म्हणून कोणी बोट दाखवू शकत नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज दिवसभर बाक उलटेपालटे करण्यात गेला. इतर दोन बाकांवर ‘३/४८’ आणि ‘३/५२’ आहे, तेव्हा बाईंचे वाचन बरोबर दिसते. हिरव्या बाकाच्या पायाच्या आतल्या बाजूला, रंग न लागलेल्या जागी, रोमन लिपीत ‘डी. एल. बी.’ अशी डागलेली अक्षरे मिळाली. वजनकाट्यावर पहिला बाक २४ किलो ६०० ग्रॅम भरला आणि पटाशीने काढलेल्या सालीचा वास चामड्यासारखाच आला. मूळ सांध्यांत लाकडी खुंट्या आहेत; अधिकच्या चिन्हाचे स्क्रू फक्त एका बाकाच्या पाठीला आहेत.

पावती मिळाली. वडिलांनी ती शाळेच्या हजेरीपटाच्या जुन्या पुठ्ठ्यात घालून ठेवली होती. पाच नगांचे मिळून २६५ रुपये. नोंदवहीसाठी सोमवारी शाळेत जाणार आहे.

ग्रँटरोडकर

मी जुने फर्निचर जमवतो आणि अधूनमधून विकतोही, म्हणून किंमतीची बाजू मांडतो. वखारवाल्यांनी घनफूट काढून दिलेलेच आहेत. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी जुन्या सागवानाचा घनफुटाचा दर विचारा आणि त्याला १.३ ने गुणा. खिळ्यांची भोके आणि फुटलेली टोके यांत बरेच लाकूड वाया जाते, म्हणून त्यातून तिसरा हिस्सा वजा करा. ही झाली तळाची किंमत. याच्या खाली कोणीही मागितले, तर तो बाक विकत घेत नसून जळण विकत घेतो आहे असे समजावे.

वरची किंमत ठरते ती तीन गोष्टींवर. बाक आज वापरता येतो का, हा पहिला मुद्दा, आणि इथे शाळेचे सामान मार खाते. लहान मुलांच्या बाकावर मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत, त्यामुळे उपाहारगृहे आणि दुकाने ते सजावटीसाठीच घेतात. दुसरा मुद्दा जोडीचा. एकाच नमुन्याचे, जवळजवळच्या क्रमांकांचे तीन बाक एकत्र विकले, तर सुट्या तिनांपेक्षा निश्चित जास्त मिळते, म्हणून भावाला एक देण्यापूर्वी याचा विचार करा. तिसरा मुद्दा इतिहासाचा, आणि तो कागदाशिवाय एक पैशाचाही नसतो. ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर प्रत्येक दुकानात फुकट मिळतो. नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र आणि लिलावाची पावती मी इतक्या वर्षांत दोनदाच पाहिली आहे. मी स्वतः गेल्या वर्षी असा एक सागवानी जोडबाक, कागद नसलेला पण न घासलेला, साडेसहा हजारांना घेतला. त्यावरून अंदाज करा, पण हा मुंबईचा भाव आहे आणि त्यात टेम्पोवाल्याचाही वाटा असतो.

बाईंशी एका बाबतीत माझा थोडा मतभेद आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्या अक्षरांचे मोल मोठे आहे हे खरे, परंतु बहुसंख्य गिऱ्हाइकांना त्याची किंमत कळत नाही. त्यांना गुळगुळीत, चकचकीत बाकच हवा असतो आणि तसा तो लवकर विकलाही जातो. तरीही घासू नका असेच मी म्हणेन. घासायचा तर तो गिऱ्हाइकाने घासावा, कारण पुसलेली अक्षरे पुन्हा उमटवता येत नाहीत.

तुमच्या व्यापाऱ्याचे लक्ष बाकांवर होते असे मला वाटत नाही. खुर्ची नीट पाहा. बैठकीच्या चौकटीला कडेने भोके पाडून त्यांतून वेत ओवलेला असेल तर ते हाताचे विणकाम आहे. खोबणीत पट्टी ठोकून आयती जाळी बसवली असेल तर ते स्वस्त काम आहे. वेत फाटला असला तरी त्यामुळे किंमत फारशी उतरत नाही, कारण तो पुन्हा विणून मिळतो, आणि अंध व्यक्तींना हे काम शिकवणाऱ्या संस्थांकडून अनेकदा उत्तम विणून मिळतो. चौकट शिसवी निघाली, तर ती एकटी खुर्ची तिन्ही बाकांच्या बरोबरीने बसू शकेल.

डेस्कविषयी मला शंका आहे. उतरत्या झाकणाची अशी बैठी डेस्के शाळेत मास्तरांपुढे असत, तशीच ती पेढीवर मुनिमापुढेही असत, आणि दुसऱ्या प्रकारची संख्येने कितीतरी अधिक आहेत. झाकण उघडून आत नाण्यांचे खण किंवा गल्ल्याची फट आहे का, ते पाहा. आत कुंकवाचे डाग सापडले तर घाई करू नका. पेढीवर दिवाळीला वहीपूजन होते, तसे शाळेत दसऱ्याला सरस्वतीपूजनही होतेच. कुलूप मूळचे असून त्यावर गोदरेजचे नाव असेल, तर डेस्क १८९७ नंतरचे आहे, कारण तो कारखाना त्या वर्षी निघाला.

लेस्टरकर

भावासाठी बाक पाठवण्याविषयी लिहितो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचे बाक बहुधा त्या रेषेच्या अलीकडे असतील, परंतु सीमाशुल्क अधिकाऱ्याला ते बघून कळणार नाही. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही वस्तू पुरावस्तू नाही असे प्रमाणपत्र आधी घ्यावे. गंमत अशी की, व्यापाऱ्याचे दीडशे वर्षांचे बोलणे खरे असते, तर बाक गावाबाहेर नेता आला असता पण न्यू जर्सीला नेता आला नसता. नोंदवहीचे पान येथेही कामी येईल.

सागवानावर आंतरराष्ट्रीय निर्बंध नाहीत. शिसवी मात्र ज्या डॅलबर्जिया वंशातली आहे, तो सगळा वंश २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा खुर्ची शिसवी निघाल्यास ती पाठवण्याच्या भानगडीत परवाना पाहिल्याशिवाय पडू नका. बाक ज्या लाकडी खोक्यात भरला जाईल, त्याच्या लाकडावर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. हा नियम खोक्याचा आहे, आतल्या फर्निचरचा नाही, आणि नेमका याच जागी माझा एक पाट तीन आठवडे बंदरात अडकला होता.

एक सूचना किंमतीबद्दल. इंटरनेटवर इंग्लंडमधल्या शाळेच्या डेस्कांचे भाव पाहून तुलना करू नका. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर येथे बोर्ड शाळा भराभर निघाल्या आणि ओतीव लोखंडी पायांचे, वर ओक, बीच किंवा पाइनच्या फळ्यांचे डेस्क कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडले; लोखंडावर पुष्कळदा कारखान्याचे नावच ओतलेले असते, त्यामुळे ओळखायला कष्ट नाहीत आणि दुर्मिळताही नाही. तुमचा बाक गावच्या किंवा तालुक्याच्या सुताराने हाताने केलेला आहे. येथील दुकानांत भारतातून आणलेले जुने सागवानी शाळेचे बाकही विकायला दिसतात, पण ते कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या शाळेतले, हे विचारल्यावर दुकानदार ‘भारत’ एवढेच सांगतो.

कृष्णाकाठ

सोमवारी शाळेत जाऊन आलो. नोंदवहीची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, पण तिसरे पान शाबूत निघाले. क्रमांक ४५ ते ५६, ‘बाक सागवानी, दोन मुलांचे, जुने, लोकल बोर्डाकडून वर्ग’, नग १२. खरेदीची तारीख नाही. जिथे किंमत असायला हवी तिथे आडवी रेघ आहे. म्हणजे १९४९ नंतर क्रमांक पडले तेव्हाच ते ‘जुने’ होते, एवढे कागदावर आले.

डेस्कमध्ये नाण्यांचे तीन खण आहेत, तेव्हा ग्रँटरोडकरांची शंका खरी ठरली. ते शाळेत कसे आले असावे, याची हकीकत सांगणारे कोणी राहिलेले नाही. खुर्चीला भोकांतून ओवलेला वेत आहे आणि पटाशीची साल जांभळट काळी निघाली. व्यापाऱ्याचा काल पुन्हा फोन आला होता. बाक राहू द्या, खुर्ची तेवढी द्या, असे तो म्हणाला. मी अजून उत्तर दिलेले नाही. सुताराला मात्र परत पाठवले.